वॉर्ड चारमधलं दूषित घर

रघू चोगल्याला दर्या लागायचा. कोळीवाड्यात जन्मलेल्या माणसाला होडीत बसल्यावर ओकाऱ्या येतात हे ऐकून बाहेरचा माणूस हसेल. पण चाळीस वर्षांपूर्वी वेळबंदरात ही हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती. रघूचा बाप धाकू चोगले स्वतःच्या होडीचा मालक, आणि रघू त्याचा थोरला मुलगा. बापाने त्याला तीन हंगाम नेऊन बघितलं. दाढेखाली मिरी धरायला सांगितली, पोटाला फडकं करकचून बांधलं, दापोलीच्या डॉक्टरच्या गोळ्या झाल्या. तरी बंदराबाहेरची पहिली लाट आली की रघू काठाला लोंबकळलेलाच. तिसऱ्या हंगामाच्या शेवटी जाळं सुकत घालताना धाकू एवढंच म्हणाला, "उद्यापासून तू येव नको रे." आवाजात राग नव्हता. दुसऱ्या दिवशी होड्या गेल्या तेव्हा रघू घरात पांघरूण घेऊन पडून होता. सुटल्यासारखं वाटत होतं आणि त्याचीच लाज वाटत होती.

तेव्हा वेळबंदरला ग्रामपंचायत होती. विहिरींत जंतू मारायची टीसीएल पावडर टाकायला माणूस हवा होता, तिथे तो लागला. वर्षभराने त्याला हिवताप विभागाच्या आठवड्याच्या प्रशिक्षणाला रत्नागिरीला पाठवलं. परत येताना एसटीत त्याच्या मांडीवर पाण्याने भरलेली प्लॅस्टिकची पिशवी होती आणि तिच्यात वीस गप्पी मासे. डासाची अळी खाणारे, नखाएवढे. ग्रामपंचायतीच्या मागच्या जुन्या दगडी टाकीत त्याने ते सोडले. त्यांची वीण भराभर वाढली आणि रघूचं नावही तितक्याच भराभर बदललं. "बाप सुरमई आणतो, पोरगा काय आणतो? डोळ्याला दिसायचा नाय असला मासा, तो पण खायचा नाय!" असं बंदरावर कोणीतरी म्हणालं, आणि तेव्हापासून तो गप्पीवाला झाला. आधी त्याला ते टोचलं. पुढे पुढे त्या नावाने हाक मारली की तो सरळ ओ द्यायला लागला.

ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, रघू कायम झाला, केस पांढरे झाले, पण काम तेच राहिलं. खांद्याला पिशवी, तीत टॉर्च, पळी आणि पांढरी वाटी. दर आठ दिवसांनी प्रत्येक घराची फेरी. पिंपं, टाक्या, फ्रिजमागचं ताट, कुंड्यांच्या थाळ्या, टायर, करवंट्या. पळीने पाणी घ्यायचं, पांढऱ्या वाटीत ओतायचं, अळी वळवळते का बघायचं. नसली तर रजिस्टरमध्ये 'निरंक', असली तर ते भांडं दूषित, ते घर दूषित. मग भांडं तिथल्या तिथे ओतायचं आणि घरच्यांना समजावून सांगायचं. एवढ्या वर्षांत त्याला गावातली घरं पुढच्या दारापेक्षा मोरीकडूनच जास्त माहीत झाली होती. कोणाकडे दोन माणसांना पाच पिंपं लागतात, कोणाकडे हजहून आणलेल्या पाण्याचा कॅन कपाटावर जपून ठेवलाय, कोणाची सून तुळशीला जरा जास्तच पाणी घालते. मालक मुंबईला किंवा आखातात असलेल्या अकरा बंद घरांच्या किल्ल्या त्याच्या घरी खिळ्याला टांगलेल्या असायच्या. लोक म्हणायचे, रघूकडे किल्ली दिली म्हणजे झालं.

एकच गोष्ट त्याला खात असे. त्याचं काम दिसायचं नाही. नगरपंचायतीच्या धुराच्या मशीनची गाडी रस्त्याने फटफटत गेली की लोक खूश. पोरं मागून धावायची, बायका खिडक्या उघडायच्या. "रघूभाऊ, धूर कधी मारताय?" हा प्रश्न त्याला रोज यायचा. धुराने उडणारा डास मरतो, पाण्यातली अळी तशीच राहते, हे तो सांगायचा आणि लोक मान डोलावून पुन्हा विचारायचे, "ते खरं, पण धूर कधी?" जो ताप आलाच नाही तो कोणाच्या हिशेबात धरणार?

दोन वर्षांपूर्वी आरोग्य निरीक्षक म्हणून सुजय कदम आला. लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पाळ्या करणाऱ्या बापाचा मुलगा. तिशीच्या आतला, कामाला वाघ. त्याने नगरपंचायतीचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. पाणी उशिरा येणार, घंटागाडी आज बंद, लसीकरण अमुक अंगणवाडीत, असल्या सूचना रोज सकाळी यायच्या. ज्या घरात अळी सापडेल त्या घराचं नाव ग्रुपवर टाकायचं ही कल्पना मात्र रघूची. पहिलंच नाव आलं ते भागूबाई पेडेकरांचं. एकटी म्हातारी बाई, मासळी बाजारात आयुष्य गेलेलं. नाव गावभर झालं तशी आठ दिवस दुकानाकडे फिरकली नाही. सुजयला वाईट वाटलं. रघू म्हणाला, "नियम सगळ्यांना एक. बाई आता पिंप घासेल बघ." आणि खरंच, भागूबाईंनी पिंप घासलं.

यंदा गणपती गेले आणि आठवड्याभरात वॉर्ड चारमध्ये ताप आला. पहिली महरीन, रझिया सारंगची नऊ वर्षांची मुलगी. रघूचं घर कोळीवाड्यातलं शेवटचं, सारंगांचं मोहल्ल्यातलं पहिलं. मधे चिऱ्यांची कमरेएवढी भिंत, गडगा. महरीनचा बाप अझीम कतारला गाळ काढणाऱ्या ड्रेजरवर. रझिया मुलीला घेऊन दापोलीच्या दवाखान्यात गेली आणि तपासणीत डेंग्यू निघाला. मग कोळीवाड्यात दोघांना निघाला.

ग्रुपवर लगेच जुंपली. कोळीवाड्यातले म्हणाले, मोहल्ल्यातली बंद घरं आधी उघडा, मालक परदेशात आणि डास आमच्याकडे. मोहल्ल्यातले म्हणाले, जेट्टीवर तुमचे टायर आणि बर्फाचे डबे पावसाने भरलेत ते बघा. सुजयने सगळ्यांना एकच उत्तर लिहिलं, 'विशेष सर्वेक्षण सुरू आहे, नागरिकांनी सहकार्य करावे', आणि रघूला बोलावून घेतलं.

"चोगलेकाका, पेशंटच्या घराभोवतीची शंभर घरं. एकही सोडायचं नाही."

रघूने दोन दिवसांत नव्व्याण्णव घरं केली. अकराच्या अकरा बंद घरं उघडली. सगळी कोरडी ठणठणीत. जेट्टीवरचे टायर त्याने ऑगस्टमध्येच भोकं पाडून ठेवले होते. दोन ठिकाणी किरकोळ अळ्या सापडल्या, पण एवढा ताप यावा असं काही नव्हतं. संध्याकाळी रजिस्टर बघून सुजय म्हणाला, "मग डास येतायत कुठून?"

रघूने रजिस्टर पुन्हा पहिल्या पानापासून चाळायला घेतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी रझिया कपडे न्यायला दापोलीहून घरी आली. तिला बघून रघू पिशवीसकट तिच्या दारात गेला.

"कशी आहे गो पोर?"

"प्लेटलेट अडतीस हजार. डॉक्टर म्हणतात उद्यापर्यंत वाट बघू, नाहीतर रत्नागिरीला न्यावं लागेल." तिचा आवाज बसला होता. हातात महरीनचे दोन फ्रॉक होते, त्यांच्या घड्या ती पुन्हा पुन्हा घालत होती. "तुम्ही सगळीकडे बघितलंत म्हणे?"

"सगळीकडे बघितलं."

"मागे या जरा." ती त्याला परसात घेऊन गेली. कपडे धुवायच्या दगडाजवळ उभी राहून तिने हात केला. "दुपारी इथे कपडे धुताना पायाला चावतात. ह्या बाजूनं येतात, काका. गडग्यावरून."

रघूने बघितलं. गडग्यापलीकडे त्याचंच परस होतं, आणि परसात निळी ताडपत्री घातलेली होडी.

"त्यात गप्पी सोडलेत मी, बाय," तो म्हणाला.

म्हणाला खरा, पण ते मासे आपण शेवटचे कधी बघितले, हे आठवायला लागला आणि त्याला आठवेना.

ती होडी धाकूची. आठ वर्षांपूर्वी म्हातारा गेला तेव्हा धाकटा भाऊ विनोद याने यांत्रिक बोटीतला वाटा घेतला. जुनी लाकडी होडी कोणालाच नको होती. रघू म्हणाला, मला द्या. बायको सखू चकित झाली. "तुम्ही हीत बसणार?" रघूने दुसऱ्याच दिवशी माणसं बोलावली. होडी परसात आणवली. लाकूड उन्हाने तडकू नये म्हणून तिच्यात पाणी भरून ठेवायचं असतं, तसं ठेवलं. पाणी म्हटल्यावर गप्पी आलेच. मग रोज संध्याकाळी चहाचा पेला घेऊन तो होडीच्या कडेला टेकायचा आणि बापाच्या होडीत आपले मासे फिरताना बघायचा. ही गोष्ट त्याने कोणाला बोलून दाखवली नव्हती. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात गुडघा दुखायला लागला, मग चहा पुढच्या ओट्यावरच व्हायला लागला. ताडपत्री घातलेली होतीच. मासे होतेच.

ताडपत्री एका टोकाला फाटून आत लोंबत होती. रघूने तिची दोरी सोडली. आत टीचभर खोल पाणी होतं, पातळ चहाच्या रंगाचं आणि नितळ. त्याची सावली पडताच पृष्ठभागावर लोंबणाऱ्या अळ्या एकदम वळवळत खाली गेल्या. त्याने पळी घातली, वाटीत ओतली. पांढऱ्या वाटीत जणू मोहरी उधळली होती. मासा एकही नाही. मे महिन्यात पाणी तळाला गेलं असणार, तापलं असणार, उरलेसुरले खंड्याने उचलले असणार. आणि मग पावसाने होडी पुन्हा भरली ती नुसत्या पाण्याने. त्याने ताडपत्रीच्या घडीत पळी घातली. तिथेही तेच.

तो होडीच्या बाजूला जमिनीवरच बसला. मनात पहिल्यांदा आलं ते रजिस्टर. दर आठवड्याला वॉर्ड चारच्या पानावर 'चोगले रघुनाथ धाकू' या नावापुढे त्याने 'निरंक' लिहिलं होतं. ऑफिसात बसून, बाकीची पानं पुरी करताना, न बघता. आपल्याच घरात काय बघायचंय!

सखू बाजारातून टोपली घेऊन आली तेव्हा तो तसाच बसलेला. तिने आधी होडीत बघितलं, मग त्याच्याकडे. ती काय ते समजली.

"कोणी बघितलंन?"

"नाय."

"मग ओता आणि गप बसा. पोर बरी होऊ दे. आता सांगून तिचा ताप उतरणार हाय काय?"

त्याने होडीच्या तळाचं बूच ओढलं. पाणी सळसळत बाहेर आलं आणि रेताड जमिनीत जिरलं. पाच मिनिटांत होडी रिकामी झाली. ताडपत्री त्याने परसातच जाळली आणि घरातलं एकेक भांडं पळीने बघून घेतलं. आता खरोखरच कोणाला काही कळायचं कारण नव्हतं. सखूने वाढलेला भात त्याने चिवडला आणि तसाच ठेवला. दुपारभर तो ओट्यावर बसून राहिला. समोरून लोक जात होते, कोणी विचारलं, "सापडलं काय रघूभाऊ?" त्याने मानेनेच नाही म्हटलं. चार वाजता एकाने तेच विचारलं, पुन्हा त्याची मान तशीच हलली, आणि मग मात्र त्याला बसवेना. त्याने सदरा चढवला आणि नगरपंचायतीत गेला.

सुजयने सगळं ऐकून घेतलं. केबिनचं दार लोटलं.

"ओतलंत ना? मग झालं. मी सर्वेक्षणाच्या ॲपमध्ये 'इतर ठिकाण' असं टाकतो. तसा पर्याय आहे त्यात."

"माझ्या घराचा नंबर टाक."

"काका, दोन वर्षांनी निवृत्त होताय. चौकशी लागेल. न बघता निरंक लिहिलंत हे त्यात येणारच. आणि ग्रुपवर तर लोक फाडून खातील."

"भागूबाईचं नाव टाकताना मी काय म्हणालो होतो तुला?"

सुजयने पेनला टोपण लावलं. "उद्या सकाळी टाकतो," तो म्हणाला. "आत्ता नको."

"उद्याच टाक. त्याआधी मला दापोलीला जाऊन यायचंय. त्या बाईने ते मोबाईलवर वाचायला नको."

पाचची एसटी त्याला मिळाली. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर रझिया बसली होती, शेजारी तिचा दीर रशीद. रशीदचा बंदरावर मासळीचा धंदा. रघूच्या ओळखीचा, बोलायला तिखट. रघू त्यांच्यासमोर उभा राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"माझ्या होडीत सापडल्या अळ्या," तो म्हणाला. "तू दाखवलंस तिथेच. गप्पी मेले होते. मी कित्येक महिने बघितलं नव्हतं."

रशीद उठूनच उभा राहिला. "तीस वर्षं आमच्या घरात घुसून भांडी बघताय तुम्ही! आमच्या आईला फुलदाणीवरून बोलला होतात. आणि स्वतःच्या परसात..."

"होय," रघू म्हणाला.

"होय काय होय? आत पोरीला सलाईन लागलंय!"

नर्स डोकावली आणि आवाज कमी करा म्हणाली. रशीद भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. रझिया इतका वेळ रघूच्या चपलांकडे बघत होती. तिने मान वर केली नाही.

"ओतलंत?"

"ओतलं. ताडपत्री पण जाळली."

"आणि कुठे आहे?"

"नाही. घरातलं सगळं बघून आलो."

"मग इथे नका थांबू," ती म्हणाली. "कोळीवाड्यातले ते दोघे आहेत ना तापाचे, त्यांच्या घरी पण जाऊन सांगा."

काचेतून त्याला महरीनचा पाय तेवढा दिसला, चादरीबाहेर आलेला, बारीक. तो बघून तो निघाला. वेळबंदरला उतरल्यावर घरी न जाता आधी त्या दोन घरी गेला आणि तेच सांगितलं. एका घरात त्याला पाणी विचारलं. दुसऱ्या घरात दार लावून घेतलं.

सकाळी ग्रुपवर आलं: 'वॉर्ड क्र. ४ विशेष सर्वेक्षण. तपासलेली घरे १००. मोठ्या प्रमाणात अळ्या आढळलेले दूषित ठिकाण १ : श्री. रघुनाथ धाकू चोगले (नगरपंचायत कर्मचारी) यांचे घर, परसातील होडी. ठिकाण रिकामे करण्यात आले आहे. नागरिकांनी आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळावा.' आधी हसणारे चेहरे आले, मग शहाणपण आलं, मग घरी बसवा म्हणणारे आले. मोहल्ला आणि कोळीवाडा यांचं एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच एकमत झालं होतं. रघूने मोबाईल सखूकडे दिला. सखू एकेक वाचत राहिली आणि मोबाईल उलटा ठेवून त्या-त्या माणसाला तोंडी उत्तरं देत राहिली.

त्याला कारणे दाखवा नोटीस आली. त्याने उत्तरात दोन ओळी लिहिल्या, दोन्ही खऱ्या. लेखी ताकीद मिळाली आणि त्याच्या फाईलला लागली. अकरांपैकी चार घरांच्या मालकांनी किल्ल्या परत मागवल्या. सारंगांच्या जुन्या घराची न्यायला रशीद स्वतः आला. रघूने खिळ्यावरून काढून हातावर ठेवली. 

महरीनला रत्नागिरीला न्यावं लागलं नाही. दुसऱ्या दिवसापासून प्लेटलेट वर चढले आणि सहाव्या दिवशी ती घरी आली. कोळीवाड्यातले दोघेही उठले. पंधरा दिवसांत नवा रुग्ण निघाला नाही. हे ग्रुपवर आलं नाही. न निघालेल्या रुग्णाची सूचना येत नसते.

होडीचं काय करायचं, ते सखूने विचारलं नाही. रघूनेच विनोदला सांगितलं आणि विनोदने आंजर्ल्याच्या एका सुताराला आणलं. चांगल्या फळ्या त्याने टेम्पोत भरल्या. टेम्पो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत रघू रस्त्यावर उभा होता. परसात होडीच्या आकाराचा गवत न उगवलेला पट्टा राहिला. सखूने तिथे आठवड्याभरात लाल माठ पेरला.

त्याची फेरी चालूच होती. पहिल्याच आठवड्यात एका दारात बाई हात कमरेवर ठेवून उभी राहिली. "आधी आपल्या घरचं बघितलंत काय, रघूभाऊ?"

"बघितलं. सकाळीच," रघू म्हणाला. आणि ते खरं होतं. आता तो फेरीला निघण्याआधी पळी-वाटी घेऊन स्वतःच्या परसापासून सुरुवात करायचा. तो प्रश्न मग घराघरात आला. कोणी टोमणा म्हणून विचारायचं, कोणी नुसतंच, दार उघडता उघडता. तो प्रत्येकाला तेच उत्तर द्यायचा. दिवाळी येईपर्यंत त्या विचारण्यातली धार गेली होती.

सारंगांचं दार मात्र तो नेहमी शेवटी ठेवायचा. पहिल्या तीन आठवड्यांत रझियाने दार उघडलं, बाजूला झाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. त्याने बघितलं, लिहिलं, गेला. चौथ्या आठवड्यात तो परसात आला तर पिंपांची झाकणं आधीच काढून भिंतीशी उभी केलेली होती, आणि ती कपड्यांच्या दगडाजवळ थांबली होती. रघूने एकेक पिंप बघितलं. फ्रिजमागचं ताट ओढून बघितलं. कुंड्या उचलून बघितल्या.

"काही नाही," तो म्हणाला आणि रजिस्टर काढलं.

"अजून एकदा बघा," रझिया म्हणाली.

रघूने रजिस्टर पिशवीत घातलं, टॉर्च पुन्हा लावली आणि दुखरा गुडघा टेकून पहिल्या पिंपापासून बघायला लागला.